सूत कातणे आणि उपासना

पेळूतून धागा ओढणे, देवापुढच्या वाती वळणे, मागावर धोटा फेकणे ही घरात बसून, घरच्यांच्या गराड्यात करायची कामे आहेत. अशा कामाला उपासना म्हणता येते का, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे. काम खाली ठेवल्याखेरीज देवाकडे लक्ष लागत नाही, असे कोणी म्हटले. हात कामाला आणि मन देवाला द्यावे, असे दुसऱ्यांनी सांगितले. आणखी काहींनी पुढे जाऊन काम हीच पूजा मानली. या वादात काम करणाऱ्याच्या मनाची चर्चा भरपूर झाली. ज्या घराचे पोट त्या कामावर चालते, त्या घराचे म्हणणे मात्र क्वचितच कोणी मध्ये आणले. तरी जुन्या ग्रंथांत ते नोंदलेले आहे, आणि प्रश्नाची अवघड बाजू तीच आहे.

मागाचे रूपक वेदांइतके जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या १३०व्या सूक्तात यज्ञ हेच एक विणलेले वस्त्र आहे. धागे चहूकडे ताणलेले आहेत, पितर त्यांपाशी बसून विणत आहेत आणि सामे धोट्याचे काम करत आहेत. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, की हे सगळे पाण्यात ओवले-विणले आहे, तर पाणी कशात? मग वारा कशात? अशी ती एकेक पायरी चढत ब्रह्मलोकापर्यंत जाते. विश्वाची रचना समजावून सांगायला विचारवंतांना मागाहून सोपी वस्तू सापडली नाही. सूत कातणाऱ्यांची स्थिती मात्र या रूपकातून कळत नाही. ती कळते कौटिल्याच्या अर्थशास्त्रातून.

त्या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. लोकर, वल्कले, कापूस, ताग, जवस यांचे सूत कोणाकडून कातून घ्यावे, याची त्यात यादी आहे: विधवा, अपंग स्त्रिया, अविवाहित मुली, संन्यासिनी, दंड कामाने फेडणाऱ्या बायका, म्हाताऱ्या राजदासी, देवळातल्या सेवेतून निवृत्त झालेल्या देवदासी. घराबाहेर न पडणाऱ्या बायकांना दासीच्या हाती काम घरपोच पाठवावे. ज्या स्वतः पहाटे सूत घेऊन येतील त्यांच्या सुताची तपासणी करण्यापुरताच दिवा असावा. अधिकारी बाईच्या तोंडाकडे पाहील किंवा भलत्या गोष्टी बोलेल तर त्याला दंड आहे. म्हणजे सूत हे निराधारांचे काम होते, आणि ते निराधारांचे आहे हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे या कामाला जो पवित्रपणा आला, त्याचा विचार करताना ही यादी विसरून चालत नाही.

बौद्ध परंपरेतली आळवीच्या विणकराच्या मुलीची कथा हा प्रश्न थेट घरात आणते. धम्मपदाच्या १७४व्या गाथेवरील अट्ठकथेत ती सांगितली आहे. बुद्ध आळवीला आले असता त्यांनी मरणाचे स्मरण ठेवण्याचा उपदेश केला. गाव ऐकून आपापल्या कामाला लागले. विणकराची सोळा वर्षांची मुलगी मात्र तीन वर्षे तेच चिंतन करत राहिली. बुद्ध पुन्हा आले त्या दिवशी बाप तिला म्हणाला, गिऱ्हाइकाचे कापड वीतभर राहिले आहे, आज संपवायचे आहे, लवकर कांड्या भरून आण. मुलीपुढे पेच पडला. प्रवचन ऐकायचे होते, पण कांड्या नेल्या नाहीत तर बाप मारील, हेही ती जाणून होती. तिने आधी कांड्या भरल्या, टोपली घेतली आणि मागाकडे जाता जाता सभेच्या कडेला थांबली. बुद्ध तिची वाट पाहत गप्प बसले होते. त्यांनी चार प्रश्न विचारले. कुठून आलीस? ठाऊक नाही. कुठे जाणार? ठाऊक नाही. ठाऊक नाही का? ठाऊक आहे. ठाऊक आहे का? ठाऊक नाही. सभेला हे उद्धट वाटले. मग तिनेच उलगडा केला, की कोणत्या जन्मातून आले आणि कुठल्या जन्मात जाणार हे माहीत नाही, मरणार हे माहीत आहे, कधी ते माहीत नाही. एवढे झाल्यावर ती टोपली घेऊन बापाकडे गेली. तो मागावर बसल्या बसल्या झोपला होता. टोपली मागाच्या टोकाला लागून पडली, आवाजाने तो दचकला आणि सवयीने त्याने माग ओढला. टोक मुलीच्या छातीत बसले आणि ती जागीच गेली.

कथाकाराने मुलीला ज्ञान दिले, बापालाही पुढे भिक्षू करून अर्हतपदाला नेले. पण विशेष आहे ते मुलीने लावलेल्या क्रमात. तिने काम टाकले नाही, आणि कामालाच साधना असेही म्हटले नाही. कांड्या भरल्या त्या माराच्या भीतीने, असे कथा आडपडदा न ठेवता सांगते. धर्मकथांत इतका प्रामाणिकपणा नेहमी आढळत नाही.

पंधराव्या शतकातल्या काशीच्या कबीराने हाच पेच उलट सोडवला. तो जुलाहा, म्हणजे विणकर. मागाची रूपके त्याच्या रचनांत इतकी आहेत, की विणता विणता गाणारा भक्त अशीच त्याची मूर्ती लोकांच्या डोळ्यांपुढे उभी राहते. गुरू ग्रंथसाहिबात, गूजरी रागात असलेले त्याचे एक पद मात्र वेगळेच चित्र दाखवते. कबीराची आई मुसमुसून रडते आहे. मुलाने ताणाबाणा सोडून दिला, अंगावर हरीचे नाव लिहून घेतले, आता ही लेकरे जगायची कशी, हा तिचा प्रश्न आहे. कबीराचे उत्तर असे, की धोट्यात धागा ओवतो तेवढ्या वेळात प्रियतमाचा विसर पडतो, आणि आमचा व त्यांचा दाता एकच आहे. गोंड रागातल्या दुसऱ्या पदात बायकोची तक्रार आली आहे. तागे तुटले, खळ संपली, घरातले होते नव्हते ते गेले. पोरे उपाशी असताना बोडके साधू पोटभर जेवतात. घरच्यांना जमीन आणि साधूंना खाट, घरच्यांना चणे-फुटाणे आणि साधूंना भाकरी. कबीर तिला आंधळी म्हणतो आणि याच साधूंना शरण जायला सांगतो.

ही पदे सहसा वैराग्याची साक्ष म्हणून वाचली जातात, आणि तसे वाचायला हरकत नाही. पण कवीने विरोधी पक्षाची बाजू इतक्या बारकाव्याने का मांडली असावी? खाट, चणे, संपलेली खळ हे तपशील उपदेशासाठी लागत नव्हते. तक्रारीला पदात जागा मिळाली आहे, नाव घेऊन मिळाली आहे, आणि ‘दाता एकच’ या उत्तराने ती मिटत नाही. विश्वासाने मिळालेली भाकरी कोणाच्या ताटात पडली, हे बायकोने दाखवून दिले आहे.

त्याच ग्रंथात कबीराच्या नावावरच्या दोन श्लोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा संवाद येतो. त्रिलोचन विचारतो, की मायेने भुलल्यासारखा कापडाला छाप मारत काय बसलास, रामात चित्त का लावत नाहीस? नामदेव सांगतो, तोंडाने राम म्हणावे, हातापायांनी सगळे काम करावे आणि चित्त निरंजनापाशी असावे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवाची म्हणून जी पदे आहेत, त्यांतल्या एकात मनाचा गज आणि जिभेची कात्री करून यमाचा फास कापत जाण्याची कल्पना आहे. महाराष्ट्राने नामदेवाला शिंपी म्हणून ओळखले, त्याच्याशी हे जुळते. काम टाकण्याची गरज नाही, हे उत्तर संसारी माणसाला पटण्याजोगे आहे, आणि वारकरी पंथ उभा राहिला तो याच पायावर.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात गीतेचा स्वकर्माने ईश्वराची पूजा करण्याचा विचार फुलवला आहे. तिथे आपले विहित कर्म हीच देवाला वाहायची फुले होतात. अरणच्या सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला. मात्र ‘विहित’ या शब्दाबरोबर जातीची चौकटही येते. ज्याला जे काम जन्माने लागले तेच त्याचे फूल. काम निवडायची मोकळीक नसताना ते देवाला वाहण्याची मोकळीक काय कामाची, ही शंका आधुनिक काळात घेतली गेली आणि ती रास्त आहे.

नामदेवाच्या उत्तरातली उणीव भरून काढली ती त्याच्याच घरातल्या दासीने. जनाबाई तिथे दळणकांडण करी, शेणी वेची, धुणी धुई. तिच्या नावावरच्या अभंगांत हे कष्ट आपोआप पवित्र होत नाहीत आणि हलकेही होत नाहीत. विठ्ठल स्वतः येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावतो, शेणी उचलू लागतो. देवाने कष्टात वाटेकरी व्हावे, एवढे तिचे मागणे आहे. काम हीच पूजा म्हणणाऱ्यांनी तिच्याकडे पाहून बोलावे, कारण तिला पूजेपेक्षा आधी एक हात हवा होता.

घरच्या देवपूजेत कापूस रोज लागतो. समईच्या लांब वाती, निरांजनातल्या फुलवाती आणि देवाला वाहायचे कापसाचे वस्त्र हे सगळे मराठी घरांत हाताने होत आले. परसातल्या देवकापसाचे बोंड फोडून सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, बोटांना किंचित दूध किंवा भस्म लावायचे. वस्त्रासाठी पेळू हळूहळू लांबवत ठराविक अंतरावर चिमटीने पीळ द्यायचा, म्हणजे मधल्या फुगीर जागा मण्यांसारख्या उठतात. मग त्यांवर कुंकवाची बोटे उमटवायची. पूजेतल्या सोळा उपचारांपैकी वस्त्राचा उपचार या बोटभर कापसावर भागतो. यज्ञोपवीताचे सूतही घरोघरी टकळीवर काढले जाई. चार बोटांभोवती ९६ वेढे, मग तिहेरी पीळ, नऊ तंतू आणि ब्रह्मगाठ असा त्याचा हिशेब.

लक्षवातींचे व्रत म्हणजे या कामाची परिसीमा. एक लाख वाती वर्षभरात वळायच्या म्हटल्या तर दिवसाला २७४ पडतात, आणि चातुर्मासातच उरकायच्या तर आठशेच्या वर. हे मोजणे जपाच्या माळेसारखेच आहे. ब्राह्मण घरांत ते बहुधा म्हाताऱ्या बायकांकडे, त्यातही विधवांकडे असे. हळदीकुंकवाला ज्यांना बोलावत नसत, त्यांच्या हातची वात देवापुढे चाले. त्यांच्यापुरते हे उपासनेचे समाधान खरे असेलही, पण त्या समाधानाने घराच्या वागण्याची भरपाई होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

सुयांवरचे लोकरीचे विणकाम आणि क्रोशा यांना धर्मग्रंथांत जागा नाही. ती कौशल्ये इथे उशिरा, मुख्यतः युरोपीय मिशनऱ्यांच्या शाळांतून आली. नातवाच्या टोपीचे टाके मोजणाऱ्या आजीला कोणी साधक म्हटले नाही. ताटावर झाकायच्या क्रोशाच्या रुमालाला पूजेत स्थान मिळाले, विणणे मात्र विरंगुळ्यातच जमा राहिले. ग्रंथात नाव नसले की तीच एकाग्रता दिसेनाशी होते.

चरख्याची एकाग्रता नेमकी कशी असते, हे कामाच्या रीतीतून कळते. उजवा हात चाक फिरवतो, डावा हात पेळू धरून मागे येतो. चातीचा पीळ धाग्यात चढत असतानाच पेळूतून तंतू सुटत गेले पाहिजेत. हात लवकर ओढला तर पीळ कमी पडून धागा तुटतो, उशिरा ओढला तर गाठी वळतात. मग चाक किंचित उलटे फिरवून धागा टोकावरून सोडवायचा आणि चातीवर गुंडाळायचा. जप करताना मन भटकले तर माळ पुढे सरकतच राहते. सुतात मात्र भटकलेले मन जाडबारीक होऊन उतरते. चरख्याला ध्यान मानणाऱ्यांचा हा सर्वांत बळकट मुद्दा. पण तो नवशिक्यालाच नीट लागू पडतो. हात बसलेली बाई पोरांना रागे भरत, शेजारणीशी बोलत एकसारखे सूत काढते. कौशल्य वाढले की मन पुन्हा मोकळे होते, आणि मोकळे झालेले मन कुठे जाईल हे चरखा ठरवत नाही.

या कामाला यज्ञाचे नाव गांधींनी दिले. १९०९मध्ये ‘हिंद स्वराज’ लिहिताना त्यांनी चरखा पाहिलाही नव्हता, हे त्यांनीच आत्मकथेत नोंदवले आहे. अहमदाबादच्या आश्रमात आधी माग आले, तेही गिरणीच्या सुतावर चालणारे. चरख्याचा शोध गंगाबेन मजमुदार यांनी लावला. बडोदे संस्थानातल्या विजापूरला अनेक घरांत चरखे माळ्यावर पडून होते. पेळू मिळतील आणि सूत कोणी नेमाने विकत घेईल तर कातायला तयार आहोत, असे बायकांनी सांगितले. काम थांबले होते ते भक्ती आटल्याने नव्हे, गिऱ्हाईक गेल्याने.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञ न करता खाणाऱ्याला चोर म्हटले आहे. गांधींनी यज्ञाचा अर्थ दुसऱ्यासाठी केलेले शरीरश्रम असा लावला. त्यामागे टॉलस्टॉय आणि रशियन शेतकरी बोंदारेव्ह यांचा भाकरीसाठी श्रमाचा विचार होता. १९३०मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत जातमेहनत आणि यज्ञ यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. पेटीत मिटणारा सुटसुटीत चरखाही येरवड्याच्याच नावाने ओळखला जातो.

रवींद्रनाथ ठाकुरांना हे मान्य नव्हते. १९२१मध्ये आणि पुन्हा १९२५मध्ये त्यांनी लिहून विरोध केला. सगळ्यांनी एकच कृती डोळे मिटून करत राहावी यात त्यांना जुन्या कर्मकांडाचाच नवा अवतार दिसला. तेच ते काम मनाला बोथट करते, आणि बुद्धीने स्वीकारल्याशिवाय केलेले कष्ट माणसाला यंत्राच्या जवळ नेतात, असे त्यांचे म्हणणे. गांधींनी उत्तर दिले, की कवीने कविता टाकून सूत कातावे असे कोणी म्हणत नाही, अर्धा तास द्यावा. भुकेल्याला देव दिसायचा तर तो काम आणि अन्न याच रूपात दिसेल. वादाकडे नीट पाहिले तर दोघे वेगवेगळ्या माणसांविषयी बोलत होते. ठाकुरांच्या डोळ्यांपुढे कातायला लावलेला सुशिक्षित होता. गांधींच्या डोळ्यांपुढे कामावाचून बसलेली खेड्यातली बाई होती. एकाचा अर्धा तास आणि दुसरीचे आठ तास यांना एकच शब्द लावल्याने घोटाळा झाला, आणि त्याची जबाबदारी गांधींकडे जास्त जाते.

हा घोटाळा नियमातही उतरला. डिसेंबर १९२४च्या बेळगाव काँग्रेसने सभासदत्वासाठी दरमहा २००० वार सूत ठरवले, म्हणजे रोजचे सुमारे ६७ वार. आजारपण किंवा अनिच्छा असेल तर दुसऱ्याने कातलेले सूत चालेल, अशी सवलत होती. राजकारणाच्या दृष्टीने ती समजण्यासारखी आहे, पण यज्ञ म्हणून पाहिले तर सगळा पाया डळमळतो. दुसऱ्याच्या हाताने केलेले शरीरश्रम कोणाचे? घरात कातणारी आई किंवा बायको असली, तर सभासदाचे काम परभारे होऊन जाणार हे उघड होते. सप्टेंबर १९२५मध्ये पाटण्याला सुताऐवजी चार आणे वर्गणीही चालेल असे ठरले, आणि कातण्याच्या कामासाठी चरखा संघाची वेगळी स्थापना झाली.

पुढे गांधींना हा फरक स्वतःलाच टोचू लागला. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणारीला नाममात्र मजुरी मिळत होती. १९३५मध्ये त्यांनी चरखा संघापुढे तिला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा आग्रह धरला. खादी महागली आणि खप घटण्याची भीती अनेकांनी बोलून दाखवली. याच सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबांनी रोज तासन्‌तास कातून, त्या सुताला बाजारात जी मजुरी मिळेल तेवढ्यावर जगण्याचा प्रयोग केला. चरख्याला उपासना म्हणण्याची किंमत त्यांनी स्वतःच्या ताटात मोजून पाहिली.

विनोबांचा विचारही तितकाच काटेकोर आहे. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. बाहेरचे काम म्हणजे कर्म. त्याला आतून मिळणारी चित्ताची जोड म्हणजे विकर्म. दोन्ही मिसळली की कर्माचे ओझे उरत नाही, ते अकर्म होते. नामदेवाच्या उत्तरात हात एकीकडे आणि चित्त दुसरीकडे होते. इथे चित्त कामातच उतरायचे आहे. ओझे उरत नाही ते मात्र करणाऱ्याला. विकर्माने सुताची मजुरी वाढत नाही, म्हणून नालवाडीचा प्रयोग या मीमांसेला जोडूनच वाचावा लागतो.

गांधींच्या मृत्यूनंतर १२ फेब्रुवारीला सर्वोदय मेळ्यात स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी अर्पण करण्याची प्रथा विनोबांनी घातली. तिला सूतांजली म्हणतात. चरखा संघाच्या मापाने चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. इथे अर्पण आणि मजुरी पुरती वेगळी झाली. गुंडी देणारा ती विकत नाही, आणि बेळगावच्या ठरावातली सवलतही इथे नाही.

खादीच्या केंद्रांत आज बहुतेक सूत अंबर चरख्यावर निघते. एकांबरनाथ यांनी बनवलेल्या मूळ यंत्रावर आधारलेल्या या चरख्याला अनेक चात्या असतात. कातणारीचे काम मुख्यतः चाक फिरवणे, तुटलेला धागा जोडणे आणि भरलेल्या बॉबिन बदलणे एवढेच. पीळ आणि ओढ यंत्र सांभाळते, त्यामुळे सुतात मन उतरते हा जुना मुद्दा तिथे लागू होत नाही. मजुरी गुंडीमागे ठरते, आणि ती पुरते की नाही हे घरी गेल्यावर कळते.